साबण खाते

परवा लेकीनं पुण्याहून आपलं अंदाजपत्रक पाठवलं. मोबाईल किणकिणला, एक निळी ओळ आली, तिच्यावर बोट ठेवलं तर समोर एक रंगीत वर्तुळ. पुरणपोळी कापावी तशा त्याच्या फाका पाडलेल्या. पीजीचं भाडं निळं, मेस हिरवी, अभ्यासिका पिवळी, बसचा पास केशरी. पाठोपाठ फोन आला. "बाबा, तुला फक्त बघता येईल हं. खाडाखोड करता येणार नाही."

चष्मा पुसून नीट पाहिलं. सगळ्या फाकांच्या आड अंग चोरून एक बारीकशी राखाडी फाक उभी होती. तिच्यावर लिहिलं होतं 'इतर'. माझं बोट थेट तिथंच गेलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. माझी पदवीची तीन वर्षं त्याच फाकेत गेली. आमच्या वेळी तिला 'साबण' म्हणत.

मी १९९२ च्या जूनमध्ये बार्शीहून पुण्याला शिकायला आलो. बार्शीची गाडी तेव्हा अजून अरुंद रुळांवरून चालायची. ती कुर्डुवाडीपर्यंत डुलत डुलत न्यायची, तिथं वळकटी आणि ट्रंक उतरवून मोठ्या गाडीत चढवायची. ट्रंकेत कपडे कमी आणि खाणं जास्त. शेंगाची चटणी, कडक भाकरीची चळत, लसणाचं तिखट. आणि सगळ्यांच्या वर आप्पांनी ठेवलेली एक लांबट वही, लाल कापडाची बांधणी. पहिल्या पानावर त्यांच्या हातचा 'श्री', त्याखाली 'श्री शिल्लक रु. १५०', आणि त्याखाली मी भरायची कोरी पानं.

आप्पा आडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभर गादीवर मांडी घालून कीर्द लिहायची, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि दिवेलागणीला मेळ घालायचा. मेळ बसला नाही तर घरी येणं नाही. आठ आण्यांसाठी रात्रीचे नऊ वाजलेले मी पाहिलेत. आई भाकरी झाकून ठेवायची आणि म्हणायची, "आठ आणे मीच देते म्हणावं, पण जेवायला या." हे आप्पांना कुणी सांगायला गेलं नाही म्हणून बरं. पदरचे पैसे घालून मेळ बसवणं हे त्यांच्या लेखी दरोड्याच्या वरचं पाप होतं.

त्यांची आवडती गोष्ट एकनाथ महाराजांची. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या घरी नाथ हिशेब लिहायचे. एकदा एक पै लागेना. रात्रभर दिव्याशी बसले, पहाटे पै सापडली आणि आनंदानं टाळी वाजवली. आप्पा इथं थांबायचे. गोष्ट संपली. पुढे पंधराव्या वर्षी भगवंताच्या देवळात कीर्तनाला गेलो तेव्हा कळलं की गोष्ट त्यानंतरच सुरू होते. एका पैसाठी जेवढं लक्ष लावलंस तेवढं देवाकडे लाव, असं स्वामी नाथांना सांगतात, आणि खरं कीर्तन तिथून पुढे असतं. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांना नेमका तेव्हाच खोकला आला होता.

तर निघायच्या आदल्या रात्री या माणसानं माझं मासिक अंदाजपत्रक ठरवलं. मनिऑर्डर सहाशेची. कॉट बेसिसवर खोली दीडशे, मेस दोनशे ऐंशी, दोन वेळचा चहा रुपयाप्रमाणे साठ, वह्या-पुस्तकं चाळीस, टपाल आणि प्रवास वीस, तेल-साबण पंचवीस. राहिले पंचवीस. त्यांच्याकडे आप्पांनी बराच वेळ संशयानं पाहिलं आणि अखेर नाइलाजानं 'किरकोळ' असं लिहिलं. ते लिहिताना त्यांचा चेहरा कुणाला उसने देताना व्हावा तसा झाला होता.

अंदाजपत्रक चोख होतं. त्यात एकच भोक होतं, ते म्हणजे रविवार. पुण्यातल्या मेसचा एक अलिखित धर्म असतो. रविवारी दुपारी फीस्ट, आणि रात्री मेस बंद. दुपारी श्रीखंड नाहीतर गुलाबजाम मिळणार म्हणून पोरं शनिवारी रात्रीपासून पोट राखून ठेवायची, आणि रविवारी रात्री आठ वाजता तीच पोरं लकडी पुलावरून उपाशी हिंडताना दिसायची. दोन वडापाव आणि चहा म्हटला तरी पाच रुपये. महिन्यात पाच रविवार आले की पंचवीस रुपये गेलेच. आप्पांनी पुण्याला धाडायच्या आधी बारा महिन्यांचं पंचांग पाहिलं होतं, पण ते प्रस्थानाच्या मुहूर्तासाठी. रविवार मोजले नव्हते.

तेव्हा पहिल्याच महिन्यात किरकोळ संपलं, आणि खरं किरकोळ आयुष्य तर अजून सुरूच व्हायचं होतं. अलका टॉकीजला इंग्रजी पिक्चर होता. सिंहगडावर जायचं ठरलं होतं, आणि गडावर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही न खाता उतरणं पुण्यात बसत नाही. हे वहीत लिहायचं कसं? 'पिक्चर, रु. ८' असं लिहिलेली वही दिवाळीत आप्पांच्या पुढ्यात ठेवण्याइतका मी शूर नव्हतो. शिवाय दर महिन्याच्या अखेरीला गोषवारा पोस्टकार्डावर कळवायचा असा दंडक होता. मी विचार केला, की निरुपद्रवी, आरोग्याला हितकारक, आणि वापरून संपते म्हणून पुरावा मागे न राहणारी वस्तू कोणती? पिक्चरच्या जागी लिहिलं, साबण. सिंहगडाच्या जागी लिहिलं, साबण. मित्राच्या वाढदिवसाची वर्गणी, साबण.

आठ दिवसांनी उत्तर आलं. आप्पांचं पोस्टकार्ड म्हणजे वाया गेलेला एक दोराही सापडायचा नाही. पंधरा पैशांत जेवढी जागा सरकारनं दिली तेवढी सगळी वापरलेली, पत्त्याच्या बाजूच्या पट्टीवरसुद्धा आडवा मजकूर. "चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष. हिशेब पोचला. बेरीज बरोबर आहे. या महिन्यात साबण पाच. पुण्यात चिखल फार दिसतो. अंगाची त्वचा सांभाळावी."

पार्टनरनं ते वाचलं, मेसमध्ये सांगितलं, आणि तीन वर्षं मला लोक 'चिखल्या' म्हणत राहिले.

मी शहाणा झालो. साबणावरचा भार कमी करून तो इतर खात्यांवर वाटला. रिफिल, जर्नलचे कागद, आणि झेरॉक्स. झेरॉक्स ही त्या काळातल्या विद्यार्थ्याला लाभलेली मोठीच देणगी. पानामागे इतके पैसे, आणि पानं किती काढली ते विचारणार कोण? पण आप्पांनी झेरॉक्स पाहिलीच नव्हती. "झेरॉक्स रु. १४ म्हणजे काय ते एकदा पाठवून दाखव," असं पत्र आलं. मी त्यांच्याच चिखलाच्या पोस्टकार्डाची झेरॉक्स काढली आणि पाठवली. वाटलं, रागावतील. पुढे कळलं की ती त्यांनी दुकानात शेटजींना दाखवली आणि मग गादीखाली जपून ठेवली. आपलं अक्षर आपण न लिहिता उमटलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आमच्या खोलीत तीन कॉट आणि तीन अर्थशास्त्रं नांदत होती. एकाचं पाकिटांचं. पैसे आले की सहा पाकिटांत वाटायचे, वर नावं लिहायची, आणि मग 'मेस' पाकिटातून 'पिक्चर' पाकिटानं उसने घेतले की 'मेस'मध्ये चिठ्ठी टाकायची. वीस तारखेला सगळ्या पाकिटांत नुसत्या चिठ्ठ्या असायच्या, आणि तो त्या मोजून आपण किती श्रीमंत आहोत ते सांगायचा. दुसऱ्याचं तत्त्व साधं. पहिले दहा दिवस राजा, नंतरचे वीस दिवस पाहुणा. आज याच्या मेसवर गेस्ट, उद्या त्याच्या. पण त्याच्याइतकं मनापासून कुणी जेवू घातलं नाही, तेही खरं, फक्त ते दहा तारखेच्या आत. बाकी बाहेर कुठं गेलं की टीटीएमएम, तुझं तू माझं मी. या चार अक्षरांवर पुण्यातल्या कित्येक मैत्र्या आजवर टिकल्या आहेत.

मेसचा खाडा ही आणखी एक विद्या. सलग तीन दिवस जेवायला येणार नाही असं आदल्या दिवशी काकूंना सांगितलं तर त्या तीन दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते व्हायचे. दोन दिवसांचा खाडा धरत नसत. म्हणून शनिवार-रविवारला जोडून सोमवारची कुठली तरी जयंती आली की खोलीत चैतन्य पसरायचं. अशा वेळी घरून आलेली कडक भाकरी बाहेर निघे. पापडासारखी मोडते, महिनाभर टिकते, आणि शेंगाची चटणी व तेल असलं की दुसरं काही मागत नाही. माझ्या अंदाजपत्रकाचा खरा राखीव निधी तो होता. एका खाड्यात मी कडक भाकरीवर तीन दिवस काढले आणि वाचलेल्या पैशांत अप्पा बळवंत चौकातून एक जुनं पुस्तक घेतलं. अर्ध्या किमतीत. परीक्षा झाल्यावर तेच पुस्तक तिथंच पाव किमतीत विकलं. हा व्यवहार मी वहीत अगदी खरा लिहिला, तारखेसकट, कारण असे मिरवण्याजोगे व्यवहार फार नव्हते.

फोनचा खर्च मात्र वहीत कधीच आला नाही. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ गल्लोगल्ली होते, आणि रात्री उशिरा दर पावावर यायचा म्हणून तिथं पोरांची रांग लागायची. पण आमच्या घरी फोन नव्हता. फोन होता दुकानात, आणि दुकान रात्री बंद. दिवसा पूर्ण दरानं फोन करावा तर आप्पा पलीकडून विचारणार, "मिनिटाला किती पडतात?", आणि ते सांगेपर्यंत मिनिट संपणार.

मला अर्थशास्त्र शिकवणारे सर फार चांगले होते. केंद्राचा अर्थसंकल्प तेव्हा फेब्रुवारीच्या शेवटी संध्याकाळी पाचला मांडला जायचा. सर दुसऱ्या दिवशी वर्गात तुटीचा अर्थभरणा समजावून सांगायचे. खर्च जमेपेक्षा जास्त असणं ही दर वेळी वाईट गोष्ट नसते, विकासासाठी काही तूट सोसावी लागते, वगैरे. मला हे इतकं पटलं की मी त्याच रात्री आप्पांना सविस्तर लिहिलं आणि शेवटी मनिऑर्डर साडेसहाशेची करावी असं सुचवलं. उत्तर दोन ओळींचं. "नोटा छापण्याचा कारखाना नाशिकरोडला आहे. तिथे आपले कोणी नातेवाईक नाहीत."

पण पुढच्या महिन्याची मनिऑर्डर सहाशे वीसची आली.

मनिऑर्डर ही गोष्ट आता कुणाला समजावून सांगावी लागते. पोस्टमन सात-आठ तारखेला यायचा. त्याची सायकल खाली भिंतीला टेकल्याचा आवाज तिन्ही कॉटवर ऐकू जायचा. सही घ्यायचा, नोटा थुंकी लावून दोनदा मोजायचा आणि फॉर्मच्या खालचा तुकडा फाडून हातात द्यायचा. त्या तुकड्यावर निरोपासाठी चार बोटं जागा असे. तिचे वेगळे पैसे पडत नसत, त्यामुळे आप्पा ती कधी कोरी सोडत नसत. कमिशन वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे सहाशेला तीस. हे तीस रुपये त्यांच्या काळजात रुतून बसले होते. एकदा त्यांनी त्याच तुकड्यावर लिहिलं होतं, "पोस्टाने तीस घेतले. त्यात दोनशे कार्डे आली असती. आडतसुद्धा एवढी नसते." पोस्टानं घेतलेल्या पैशाची तक्रार पोस्टाच्याच कागदावर, पोस्टानं फुकट दिलेल्या जागेत.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी आप्पांचा डबा घेऊन दुकानात गेलो. लक्ष्मीपूजन दोन दिवसांवर आलेलं, जुन्या वह्या बासनात बांधायचं काम चाललं होतं. आप्पा हात धुवायला मागं गेले. समोर खतावणी उघडी होती. माझ्या हाताला लागलेली खोड, आधी बेरीज पाहायची. पान आप्पांच्याच नावाचं होतं. नावेच्या बाजूला दोन्ही वर्षांचा जून होता. उचल रु. दोन हजार. उचल रु. दोन हजार. खाली दर महिन्याला पगारातून वळते दीडशे, दीडशे, दीडशे. पहिली उचल फिटायच्या आत दुसरी घेतलेली. आणि हे सगळं त्यांच्याच अक्षरात, कारण दुकानची वही लिहिणारे तेच. स्वतःला स्वतःच्या हातानं नावे टाकताना एक काना वाकडा गेला नव्हता.

मी पान उलटून ठेवलं. आप्पा आले, डबा उघडला, म्हणाले, "मेथी केलीय वाटतं."

पुण्याला परतल्यावर एक महिना माझ्या वहीत साबण आला नाही. दुसऱ्या महिन्यात एक आला, तो खराच होता. तिसऱ्या महिन्यात दोन आले. तेव्हा अलकाला दुसरा पिक्चर लागला होता आणि वय एकोणीस होतं. त्याहून जास्त सुधारल्याचा दावा मी करणार नाही.

पदवी मिळाली, नोकरी लागली, सोलापुरात बिऱ्हाड झालं. आप्पा म्हातारपणी माझ्याकडेच होते. १८८० साली सुरू झालेली ती कागदाची मनिऑर्डर १ एप्रिल २०१५ पासून बंद झाली, तेव्हा मी त्यांना बातमी वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "शेवटी शेवटी कमिशन किती होतं?" म्हटलं, तेच, पाच टक्के. "बघ," एवढंच म्हणाले. पुढे यूपीआय आल्यावर मी त्यांच्यासमोर भाजीवाल्याला मोबाईलवरून चाळीस रुपये दिले. त्यांनी मोबाईल उलटापालटा करून पाहिला. "यात त्यांचं कमिशन किती?" म्हटलं, काही नाही. "काहीच नाही? मग त्यांचं पोट कशावर चालतं?" मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून त्या यंत्रावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच.

नातीला मात्र त्यांनी ती साबणाची गोष्ट शंभर वेळा सांगितली. पहिल्यांदा पाच साबण होते. ती चौथीत गेली तोवर सात झाले. आप्पा गेले त्या वर्षी अकरा. जन्मभर पैचा फरक होऊ न देणाऱ्या माणसानं या एका हिशेबात सहा साबण पदरचे घातले.

लेकीच्या वर्तुळाकडे मी पुन्हा पाहिलं. तिचा चहासुद्धा मोबाईलवर नोंदला जातो, कितीला, कुठं, किती वाजून किती मिनिटांनी. रात्री पावणेदोनला मॅगी खाल्ली तर तीही. सगळं इतकं स्वच्छ दिसतं की माझ्यासारख्याला गुदमरायला होतं. या पोरांना बिचाऱ्यांना आपली सिंहगडाची भाकरी लपवायला एक साबणाची वडी नाही. म्हणून ती राखाडी 'इतर' पाहून मला बरं वाटलं. रक्कम होती साडेचारशे. मी त्याखालचं काहीच उघडून पाहिलं नाही. उघडता येतं की नाही तेही मला माहीत नाही, आणि तिला मी विचारणार नाही.

काल महिन्याची बावीस तारीख. रात्री तिचा फोन आला. अभ्यास बरा चाललाय, पाऊस फार आहे, मेसची आमटी पातळ आहे, असं सगळं सांगून झालं. मग थोडी थांबली.

"बाबा, साबण संपलाय रे."

"किती लागतील?"

"पाच," ती म्हणाली. "अकरा झाले तर बरंच."

मी अकराशे पाठवले. कमिशन काही पडलं नाही.